जोडीदार अर्ध्यातच गायब! मग ‘ब्लॅक डेलिया’ नक्की कोणाची गोष्ट?

कोरी_वही (धागाकर्ता)

मंडळी, जेम्स एलरॉयची ‘द ब्लॅक डेलिया’ काल रात्री दीडला संपवली आणि सकाळपासून नुसती चिडचिड होतेय, म्हणून हा धागा. पुस्तक वाईट आहे असं अजिबात नाही, उलट गेल्या दोन-तीन वर्षांत इतकं झपाटून काही वाचलं नव्हतं. चिडचिड वेगळीच आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४६-४७ चं लॉस एंजेलिस. दोन पोलीस, दोघंही माजी बॉक्सर. बकी ब्लायकर्ट लाइट हेवीवेट, तोलूनमापून पाऊल टाकणारा. ली ब्लँचर्ड हेवीवेट, तापट, पेपरात फोटो येणारा हिरो. पेपरवाले एकाला मिस्टर आइस म्हणतात, दुसऱ्याला मिस्टर फायर. पोलिसांच्या पगारवाढीला मतदारांनी हो म्हणावं म्हणून खात्याला जाहिरात हवी असते, तर हे दोघं एकमेकांविरुद्ध रिंगमध्ये उतरतात. पुढे वॉरंट्स विभागात हेच जोडीदार. आणि लीच्या घरी राहणारी के. त्या तिघांचं जे काही जमतं ते इतकं मस्त लिहिलंय की खूनबिन झाला नसता तरी मी वाचत बसलो असतो.

मग १५ जानेवारी १९४७ उजाडतो, एलिझाबेथ शॉर्टचा मृतदेह सापडतो, ली त्या केसपायी वेडापिसा होतो आणि पुस्तक निम्मं व्हायच्या सुमारास चक्क नाहीसा होतो. गेला तो गेलाच. उरलेलं पुस्तक बकी एकटा.

तर प्रश्न असा की ही वाचकाची फसवणूक नाही का? जोडीची गोष्ट सांगतो म्हणून आत नेलं आणि ऐन अंधारात हात सोडून दिला. की मीच चुकीची गोष्ट वाचत होतो?

(बाकी स्पॉयलर चालतील, खुनी कोण ते मात्र कृपया कुणी लिहू नका.)

तिरकस

आग आणि बर्फ एका गाडीत बसवल्यावर एक विझणार नाहीतर दुसरा वितळणार. यात फसवणूक कसली, सातवीचं विज्ञान आहे हे. हलके घ्या.

गोंधळी

आधी हे ठरवा की असल्या काळोख्या गुन्हेगारी कादंबऱ्यांना नॉयर म्हणायचं, न्वार म्हणायचं की नुआर? मी आयुष्यभर नॉयर म्हणत आलोय आणि परवा एकाने चारचौघांत दुरुस्त केलं.

पुस्तककिडा

@कोरी_वही, मला फसवणूक वाटली नाही, उलट ली गायब होतो तिथेच पुस्तक खरं सुरू होतं असं माझं मत. जरा सविस्तर लिहितो.

‘न जुळणारे जोडीदार’ हा पोलीसकथेतला जुना साचा. एक नियमाने चालणारा, एक नियम मोडणारा, आधी भांडणं मग जिवाला जीव देणं, तुझं माझं जमेना तुझ्यावाचून करमेना टाइप. एलरॉय पहिली शंभरेक पानं हाच साचा वापरतो आणि आपण आरामात मान डोलवत वाचतो. पण नीट बघा, हे दोघं विळा आणि भोपळा नाहीतच, एका माळेचे मणी आहेत. बकी पोलिसात शिरतो कसा? त्याचा बाप जर्मन, नाझींची तळी उचलणाऱ्या संघटनेतला. ते अंगाशी येऊ नये म्हणून बकी दोन जपानी-अमेरिकन दोस्तांची नावं सरकारला देतो. लहानपणापासूनचे दोस्त. आणि ली ज्या बँक दरोड्याच्या तपासामुळे हिरो झाला त्या दरोड्यामागे कोण होतं हे पुढे कळतं तेव्हा… असो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा, पुढचं बोलत नाही.

म्हणजे आग-बर्फ हे पेपरवाल्यांनी चिकटवलेलं लेबल आहे. दोघंही आपापल्या जुन्या पापाच्या पायावर उभे, फक्त एकाचं पाप ओरडतं आणि दुसऱ्याचं गप्प बसतं. ली गेल्यावर बकी काय करतो? तोच हट्ट, त्याच रात्री, तीच बाई डोक्यात. ली गेलेलाच नाही हो, बकीत राहायला आलाय.

निशाचर

+१, बाडिस (बाय डीफॉल्ट सहमत).

फक्त एक, २००६ चा ब्रायन डी पाल्माचा सिनेमा पाहून कुणी पुस्तकाबद्दल मत बनवू नका. त्यात ली एका जिन्यावर मरतो, बकीच्या डोळ्यांदेखत, सावल्या, वर-खाली फिरणारा कॅमेरा, सगळा थाटमाट. बघायला जबरदस्त आहे, व्हिल्मोश झिगमंडच्या छायाचित्रणाला ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगाच नाही. पण त्याने पुस्तकाचा कणाच मोडला. पुस्तकात लीचं काय झालं ते बकीला कितीतरी दिवस माहीतच नसतं. तो मेक्सिकोत एन्सेनाडापर्यंत जातो आणि शेवटी वाळू उकरावी लागते. जिन्यावर पडलेला माणूस दिसला की विषय संपला, आणि वाळूत हाताने शोधायला लागणं… ते प्रकरणच वेगळं.

कोरी_वही

@पुस्तककिडा, पटतंय थोडं थोडं. पण मग लेखकाने लीला इतकं आवडेल असं का रंगवलं? मला बकीतला ली नकोय, ली हवाय! तिघं सिनेमाला जातात, जेवायला बसतात, त्या पानांवर मी दोनदा परत गेलो.

तिरकस

धागाकर्त्याला ब्रेकअप झालाय असं वाटतंय. पाणी द्या कुणीतरी.

शिळोपा

अवांतर आहे पण लिहितोच, कारण हा भाग लोक भराभर पानं उलटून पुढे जातात.

बकी आणि ली पहिल्यांदा भेटतात ते रिंगमध्ये नाही, जून १९४३ च्या झूट सूट दंगलीत. ही दंगल खरी आहे. झूट सूट म्हणजे ढगळ, लांब कोट आणि घोट्याशी आवळलेली पँट. मेक्सिकन-अमेरिकन पोरांची ती फॅशन. युद्ध चालू, लोकरीच्या कापडावर सरकारी निर्बंध, त्यामुळे एवढं कापड अंगावर मिरवणं म्हणजे देशद्रोह अशी हवा तयार झाली. लॉस एंजेलिसमध्ये उतरलेले नौसैनिक आणि इतर जवान टोळ्यांनी फिरून या पोरांना मारायला लागले, भर रस्त्यात कपडे उतरवायचे. आणि पोलिसांनी बेड्या कुणाला घातल्या? बहुतेक वेळा मार खाणाऱ्यांनाच.

एलरॉय आपल्या दोन नायकांची ओळख इथे करून देतो. गणवेशातले लोक गणवेशातल्या लोकांना आवरायला निघालेत आणि कुणाला आवरायचंय तेच धड ठरत नाहीये. पुढे पोलिसांबद्दल जे जे येणार आहे त्याची झलक त्या आठ-दहा पानांत आहे.

याच मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकात, ‘एल.ए. कॉन्फिडेन्शियल’मध्ये, त्याने १९५१ च्या ‘ब्लडी ख्रिसमस’चा असाच वापर केलाय. नाताळच्या दिवशी दारू प्यायलेल्या पोलिसांनी कोठडीतल्या सात जणांना बेदम मारलं होतं. तेही खरं. त्या पुस्तकात तर न जुळणारे तीन पोलीस आहेत, धागाकर्त्याने तिकडे वळावं.

गोंधळी

माझ्या प्रश्नाला कुणी विचारेना. बरं.

शिळोपा

@गोंधळी, फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘काळा’, उच्चार ‘न्वार’च्या जवळचा. पॅरिसमध्ये १९४५ साली गालीमार प्रकाशनाने ‘सेरी न्वार’ नावाने गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला काढली, आणि पुढच्याच वर्षी नीनो फ्रँक नावाच्या समीक्षकाने तसल्या अमेरिकन सिनेमांना ‘फिल्म न्वार’ म्हटलं. म्हणजे अमेरिकेच्या काळोखाचं बारसं फ्रेंचांनी केलं.

गोंधळी

धन्यवाद. मी नॉयरच म्हणणार.

पानगळ

मी जरा उलट सूर लावते, चालेल ना? मला हे पुस्तक पूर्ण वाचवलं नाही. पावणेदोनशे पानांवर ठेवून दिलं.

तुम्ही सगळे बकी आणि लीचं मैत्र, हट्ट, पाप यावर बोलताय. ज्या मुलीचं नाव पुस्तकाला आहे ती खरी होती हो. एलिझाबेथ शॉर्ट, वय बावीस. बोस्टनजवळ वाढलेली. लायमर्ट पार्कमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर तिचे दोन तुकडे सापडले. बोटांचे ठसे एका पेपरच्या यंत्रावरून एफबीआयला तारेने पाठवले आणि ५६ सेकंदांत ओळख पटली, हे कौतुकाने सांगतात सगळे. पण त्याच पेपरच्या माणसांनी मग काय केलं? तिच्या आईला फोन लावला आणि सांगितलं की तुमची मुलगी सौंदर्यस्पर्धा जिंकलीये. आईने कौतुकाने मुलीची सगळी माहिती दिली, ती लिहून घेतली, आणि मग सांगितलं की ती मेलीये.

हे वाचल्यापासून ‘ब्लॅक डेलिया’ हे नावच मला घशात अडकतं. एका सिनेमाच्या नावावरून चिकटवलेलं टोपणनाव, पेपर खपवायला उचलून धरलेलं. आणि चाळीस वर्षांनी एक कादंबरीकार तेच नाव घेऊन त्या बिचारीच्या आयुष्यात हवं ते भरतो. दोन पुरुषांच्या मैत्रीची परीक्षा बघायला एका खऱ्या बाईचं प्रेत लागतं का?

निशाचर

@पानगळ, मुद्दा चुकीचा नाही, पण एलरॉयची पार्श्वभूमी माहितीये का? त्याची आई, जिनिव्हा, जून १९५८ मध्ये एल मॉन्टेमध्ये खून होऊन सापडली. हा दहा वर्षांचा. खुनी आजपर्यंत मिळालेला नाही. पुढच्या वाढदिवसाला बापाने त्याला पोलिसांच्या केसेसचं एक पुस्तक भेट दिलं, त्यात शॉर्टची हकीकत होती, आणि पोराच्या डोक्यात ती मुलगी आणि आई एकमेकींत मिसळून गेल्या. ‘ब्लॅक डेलिया’ त्याने आईला अर्पण केलीये, ती गेल्याला २९ वर्षं झाली तेव्हा. म्हणजे नुसता धंदा नाहीये हा.

पानगळ

माहितीये. त्याचं दुःख खरं आहे, मान्य. पण आपल्या दुःखाला दुसऱ्याच्या मुलीचं नाव द्यायची परवानगी त्याला कोणी दिली, एवढंच विचारतेय.

तिरकस

इथे मी जोक करणार नाही.

पुस्तककिडा

@पानगळ, उत्तर माझ्याकडे नाही. एक मात्र सांगतो, पुस्तकही हाच प्रश्न विचारतं असं मला वाटलं. बकी सुरुवातीलाच सांगून टाकतो की ती जिवंत असताना मी तिला ओळखत नव्हतो. पुढे जो भेटतो तो आपली आपली बेटी (म्हणजे एलिझाबेथ) रंगवतो. लीला तिच्यात लहानपणी हरवलेली बहीण दिसते. सरकारी वकिलाला निवडणूक दिसते. पेपरला खप. कुणी कबुलीजबाब द्यायला येतं, प्रत्यक्षातही पन्नासच्या वर लोक ‘मीच मारलं’ म्हणत पोलिसांकडे आले होते म्हणे, म्हणजे वेड्यांनाही ती हवी होती. ती स्वतः कुठेच नाही. लेखक स्वतःला यातून वगळत नाही, एवढं त्याच्या बाजूने.

पण पावणेदोनशेवर ठेवून दिलंत यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आजी_ऑनलाइन

मी हे पुस्तक एकाहत्तराव्या वर्षी वाचलं, कारण नातू म्हणाला ‘आजी, तुला नाही झेपायचं’. डिक्शनरीत निम्मे शब्द सापडत नाहीत, शिव्याच आहेत त्या, संदर्भाने कळतात. झेपलं. रात्री दिवा चालू ठेवून झोपले दोन दिवस, ते नातवाला सांगितलेलं नाही.

आता तुमच्या वादाबद्दल. मघापासून बघतेय, दोन पुरुषांचे हिशेब चाललेत. जोडी जोडी काय करताय? ती जोडी नव्हतीच, तिघं होती. आणि त्या तिघांत सगळं माहीत असलेली एकच, के. लीच्या बँकेचं काय गौडबंगाल आहे ते तिला ठाऊक. ली रात्री का झोपत नाही ते ठाऊक. बकी आपल्याकडे कसा बघतो तेही ठाऊक. ती दोघांना जेवायला वाढते आणि गप्प बसते. बकीला एवढे मोठे खूनबिन उलगडतात आणि घरात समोर बसलेल्या बाईला काय माहितीये ते विचारायचं सुचत नाही! डिटेक्टिव्ह म्हणे.

पुढे त्यांचं लग्न होतं तेव्हा मला वाटलं आता तरी शहाणा होईल. छे.

कोरी_वही

आज्जी __/\__

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चष्मिष्ट

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले पण एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही आणि माझ्या मते धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. दात!

हसू नका. बकीचं खरं नाव ड्वाइट. पुढचे दात मोठे, पुढे आलेले, इंग्रजीत असल्या दातांना ‘बक’ म्हणतात, त्यावरून बकी. आता ती मॅच आठवा. बकीने गुपचूप स्वतःच्या विरुद्ध पैसे लावलेत, कारण भ्रमिष्ट झालेल्या बापाला चांगल्या ठिकाणी ठेवायला पैसे हवेत. पैसे मिळतात. पण ली ठोसे मारून त्याचे तेच दात पाडतो. त्यानंतर बकीच्या तोंडात कवळी.

म्हणजे बघा, ज्या दातांवरून नाव पडलं ते दात जोडीदाराने पाडले आणि नाव तसंच राहिलं. सगळं पुस्तक आपल्याला बकी सांगतोय, प्रथमपुरुषी, त्याच्या तोंडून ऐकतोय आपण, आणि त्या तोंडात लीचं हस्ताक्षर आहे! पानोपानी. लेखकाने हा तपशील काही गंमत म्हणून टाकला नसणार. मैत्री ठोशाने सुरू होते आणि तोंडात कायमची राहते, ली मेक्सिकोत जाऊ दे नाहीतर आणखी कुठे.

तिरकस

दंतकथा.

निशाचर

@तिरकस, 😂😂 आजचा प्रतिसाद!

पुस्तककिडा

@चष्मिष्ट, खतरनाक. मी तीनदा वाचलंय पुस्तक आणि कवळी नुसती कवळी म्हणून सोडून दिली.

त्यावरून आठवलं, ली बेन्झेड्रिनच्या गोळ्यांवर जागतो ना, तो भाग इतका नेमका का आहे तर एलरॉय स्वतः तरुणपणी नाकात ओढायच्या इनहेलरमधला कापूस गिळून नशा करायचा, दारू होतीच, तुरुंगवाऱ्याही. मग सगळं सोडून गोल्फच्या मैदानावर लोकांच्या बॅगा उचलायचा आणि लिहायचा. ली दोन रात्री झोपला नाही की त्याचं बोलणं कसं तुटक होतं बघा, घाईघाईत, एकातून दुसरं. ऐकीव माहितीवर लिहिलेलं नाहीये ते.

शिळोपा

दातांवरून मला अक्षरं आठवली. हॉलीवूडची ती डोंगरावरची प्रसिद्ध पाटी आहे ना, ती १९२३ मध्ये उभी राहिली तेव्हा ‘हॉलीवूडलँड’ होती, घरांच्या प्लॉटची जाहिरात! शेवटची चार अक्षरं १९४९ साली काढली. पुस्तकात शेवटाकडे त्या डोंगराला महत्त्व आहे, कसं ते सांगत नाही. जाहिरातीची पाटी शहराची ओळख होऊन बसते आणि पेपरवाल्यांनी दिलेलं टोपणनाव एका मुलीची. पानगळ यांच्या मुद्द्याजवळच येतं हे.

रात्रपाळी_१८

वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

मला साहित्यातलं फार कळत नाही, हे पुस्तक हातात आलं ते रात्रपाळीत वेळ जायला म्हणून. मी अठरा वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली, दोन माणसांची पाळी, त्यातली अकरा वर्षं एकाच जोडीदाराबरोबर. आमचं अजिबात पटायचं नाही. मी लॉगबुकात एक आकडा खोडला तरी सही करणारा आणि तो रीडिंग नुसतं बघून ‘ठीकाय रे’ म्हणणारा. पण एक खोड होती त्याची, प्रेशर गेजचा आकडा बघायच्या आधी काचेवर नखाने दोनदा टिचकी मारायचा. टिक टिक. कधी कधी काटा अडकून बसतो, टिचकीने सुटतो, असं म्हणायचा. डिजिटल आले तरी तो टिचकी मारायचाच. मी अकरा वर्षं त्यावरून त्याला पिडलं. रात्री तीन वाजता त्या टिक टिकने डोकं जायचं.

मग एके दिवशी तो आला नाही. आजारी नव्हता, बदली नव्हती, काहीतरी पैशांचं लफडं होतं असं नंतर कानावर आलं, खरं-खोटं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. कपाटात त्याचा स्वेटर तसाच लटकत होता दोन महिने.

नवीन पोरगा आला जोडीला. साधारण वर्षभराने त्याने विचारलं, काका तुम्ही त्या स्क्रीनवर टिचक्या का मारता? मी म्हटलं मी? मी कुठे मारतो? तो म्हणाला रोज मारता, दोन.

धागाकर्त्याने विचारलंय की जोडीदार गेल्यावर गोष्ट कोणाची. मला पुस्तक आवडलं ते त्या दुसऱ्या अर्ध्यामुळेच. पहिल्या अर्ध्यातलं बॉक्सिंग वगैरे मी भराभर वाचलं. बकी एकटा बसून तीच तीच कागदपत्रं चाळतो ना, तिथे मी थांबून थांबून वाचलं.

तिरकस

@रात्रपाळी_१८, लिहीत जा हो. वाचनमात्र राहू नका.

निशाचर

खरंच. अंगावर काटा आला.

पानगळ

@रात्रपाळी_१८, तुमच्यामुळे पुस्तक पुन्हा कपाटातून काढलंय. माझं मत बदललेलं नाही, पण त्या पावणेदोनशे पानांच्या पुढे काय आहे ते आता बघावंसं वाटतंय. मध्येच सोडलं तर परत येऊन भांडेन.

कोरी_वही

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण पुस्तक परत सुरुवातीपासून काढलं. सगळ्यांना एकदम लिहितो.

फसवणूक हा शब्द मागे घेतो. पण पूर्ण नाही. लेखकाने फसवलंय, मुद्दामच, फक्त आपल्याआधी बकीला फसवलंय. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ली पहिल्यापासून निघून जायच्या तयारीत आहे. दोघं दुसऱ्याच एका गुन्हेगाराच्या मागावर असतात, शॉर्टचा मृतदेह तिथेच जवळ सापडतो, आणि त्या क्षणापासून बकी सतत म्हणतोय की आपलं मूळ काम सोडू नको, परत चल. ली ऐकत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बकी रटाळ वाटला होता, नियमवाला, च्यायला जाऊ दे ना त्याला असं झालेलं. आणि आता तीच वाक्यं अक्षरशः गयावया वाटतात. तो केसबद्दल बोलतच नाहीये. जाऊ नको म्हणतोय.

आणि आज्जींचा मुद्दा, के त्या सगळ्या प्रसंगांत कुठे बसलीये ते पेन्सिलने खुणा करत वाचलं. ती दोघांकडे बघत असते, आणि बकी फक्त लीकडे. मीसुद्धा फक्त लीकडे बघत होतो. म्हणजे तीनशे पानं मी बकीइतकाच आंधळा.

कवळीच्या जागी पण खुणा केल्यात, @चष्मिष्ट. एकदा दिसली की दिसतच राहते.

गोंधळी

एवढं सगळं वाचून मी पुस्तक मागवलंय. दुकानदाराला फोनवर म्हटलं, एक न्वार कादंबरी हवीये. तो म्हणाला, कुठल्या वारची?

तिरकस

@गोंधळी, म्हणून सांगत होतो नॉयर म्हणा.

आजी_ऑनलाइन

@रात्रपाळी_१८, एक विचारू का? तुमचा तो जोडीदार पुढे कधी भेटला की नाही?

रात्रपाळी_१८

नाही आजी. नंबर आहे त्याचा, बदललेला नाही, व्हॉट्सअॅपला फोटो दिसतो. केस पिकलेत. कधी फोन नाही केला.

आजी_ऑनलाइन

बकीला वाळू उकरावी लागली. तुमच्याकडे नंबर आहे. करा की फोन.

रात्रपाळी_१८

आज रात्रपाळी आहे. तीन वाजता तो जागाच असायचा.